कंपनीतून आलं तसं

नेटवर्कमधली सेटिंग म्हणजे यंत्राला पडलेला प्रश्न, आणि डीफॉल्ट म्हणजे मालकाला न विचारता देऊन टाकलेलं त्याचं उत्तर. पॅकेट कोणत्या वाटेनं पाठवायचं, किती मोठं पाठवायचं, आलेलं पॅकेट खरं मानायचं की खोटं, संकेतस्थळाचा पत्ता कोणाला विचारायचा, आणि त्यानं उत्तर दिलं नाही तर किती वेळ ताटकळायचं, असे शेकडो प्रश्न साध्यातल्या साध्या राउटरलाही पडतात. मालकाच्या कानावर यांतला एकही येत नाही. त्याला दोनच अवस्था ठाऊक असतात: नेट चालू आहे, किंवा ‘नेट गयं’.

नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं बाजाराचं गाव. कांदा, डाळिंब, मका, आणि बोलायला अहिराणी. इथल्या कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यात नेट बसवण्याचा विधी एव्हाना ठरून गेलेला आहे. नेटवाला पोरगा शिडी घेऊन येतो, खांबावरून फायबरची वायर ओढतो, खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, मोडेम खिळ्याला टांगतो, वायफायला दुकानाचं नाव आणि पासवर्डाला शेठचा मोबाइल नंबर देतो, स्पीड टेस्टचा काटा फिरवून दाखवतो आणि ‘बिनधास्त वापरा शेठ’ म्हणून पुढच्या गाळ्यात जातो. यानंतर सेटिंगचं पान उघडतं ते पावसाळ्यात वीज पडून मोडेम जळाल्यावर, तेही नव्या मोडेमचं. मधली चार-पाच वर्षं गाळ्यावर राज्य असतं ते कारखान्यात बसून कोणीतरी भरलेल्या आकड्यांचं.

म्हणून डीफॉल्ट ठरवण्याचा पहिला नियम असा, की हा आकडा कोणी कधीही बदलणार नाही असंच धरून चालायचं. ‘जाणकार माणूस बदलून घेईल’ हा युक्तिवाद कारखान्यातल्या बैठकीत बिनतोड वाटतो. जाणकार माणूस मालेगावला असतो, आणि तो उद्या येतो म्हणालेला असतो.

दुसरा नियम थरांचा. काही सेटिंग सबंध यंत्राला मिळून एक असतात, काही प्रत्येक इंटरफेसला वेगळ्या. इंटरफेस म्हणजे यंत्र जिथून बाहेर जोडलं जातं ती प्रत्येक जागा. गाळ्यातल्या एका जुनाट संगणकाला किती इंटरफेस असावेत? केबलचा एक, वायफायचा एक, लाइट गेल्यावर खोचायच्या मोबाइल डोंगलचा एक, सीएच्या माणसानं टॅली लांबून बघण्यासाठी बसवून दिलेल्या व्हीपीएनचा एक, आणि यंत्रानं स्वतःशीच बोलण्याचा ‘लूपबॅक’ एक. बाकीचे सगळे बंद पडले तरी हा शेवटचा ठणठणीत असतो. त्यामुळे १२७.०.०.१ ला पिंग करून ‘आपल्याकडून नेट ओके आहे’ असं सांगणारे लोकही भेटतात.

कोणती गोष्ट कोणत्या थरात ठेवायची याचा ठोकताळा फार अवघड नाही. जी यंत्राबद्दल आहे ती एकच असावी. जी तारेबद्दल किंवा लहरींबद्दल आहे ती ज्याची त्याला असावी. आणि जी विश्वासाबद्दल आहे, म्हणजे कोणाचं ऐकायचं आणि कोणाचं नाही, ती दोन्हीकडे असते. आणि खरी गंमत तिथेच आहे.

यंत्राबद्दलची सगळ्यात सरळ गोष्ट म्हणजे घड्याळ. घड्याळ एकच असतं, ते इंटरफेसगणिक वेगळं ठेवायचा विचार अजून कोणाला सुचलेला नाही. पण स्वस्त राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट येते तेव्हा तो १ जानेवारी १९७० ला जागा होतो; ग्रिनिचला मध्यरात्र, नामपुरात पहाटेचे साडेपाच. त्याच्याकडून वेळ घेणारा कॅमेराही इमानानं तीच तारीख छापतो, आणि गोणी लंपास करणाऱ्याचं स्वच्छ चित्रण अशा पहाटेचं निघतं, जेव्हा संशयिताच्या वडिलांचंही लग्न झालेलं नव्हतं.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र तारीख बघून खरं-खोटं ठरतं. १९७० साली जगातलं एकही प्रमाणपत्र लागू झालेलं नसतं. वेळ कळायला नेट हवं, नेटवर पत्ता खात्रीनं शोधायचा असेल तर सुरक्षित जोडणी हवी, आणि सुरक्षित जोडणीला आधी वेळ हवी. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या मोफत प्रणालीनं यावर काढलेला तोडगा म्हणजे शहाण्या डीफॉल्टचा नमुना आहे. चालू होताना ती आपल्याच सेटिंगच्या फाइली चाळते, त्यांतली सगळ्यात ताजी कधीची आहे ते बघते आणि घड्याळ तिथे लावते. बरोबर वेळ मिळत नाही, पण निदान दशक बरोबर निघतं, आणि पुढचं काम तेवढ्यावर भागतं.

दुसरा तोडगा फार सोपा होता आणि तो महागात पडला. वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ताच कारखान्यात कायमचा भरून टाकायचा. नेटगिअर कंपनीच्या काही घरगुती राउटरांत असा पत्ता भरलेला होता, तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचा. विद्यापीठाला विचारायचं राहून गेलं होतं. शिवाय उत्तर आलं नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचं, हेही डीफॉल्ट. मे २००३ मध्ये विद्यापीठाच्या जाळ्यावर पॅकेटांचा पूर लोटला. आधी हल्ला वाटला. शोध घेतल्यावर निघाले ते घरोघरी शांतपणे लुकलुकणारे सात लाखांवर राउटर. त्यांतल्या कोणाच्याही मालकानं काहीही केलेलं नव्हतं. बाहेरच्या कोणाच्या दारात जाणारं डीफॉल्ट असेल तर दोन गोष्टी पाळाव्यात: ज्याच्या दारात जायचं त्याला विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून पुन्हा विचारावं. उधारी वसूल करणाऱ्यांनाही हे समजतं.

आता तारेच्या गोष्टी. इथरनेटवर एका पॅकेटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. हा आकडा इतका सर्वमान्य आहे की सगळी यंत्रं तो गृहीत धरतात. पण फायबरवाल्यांकडून नाव-पासवर्ड टाकून जोडणी मिळते तेव्हा बहुधा पीपीपीओई नावाची पद्धत मध्ये असते, आणि ती प्रत्येक पॅकेटामागे आठ बाइट स्वतःसाठी ठेवून घेते. उरतात १४९२. अडतीच्या व्यवहारात मुरलेल्या गावाला यात नवल वाटायचं कारण नाही. पंचाईत होते ती सांगण्याची. ‘पॅकेट मोठं आहे, लहान करून पाठव’ असा निरोप वाटेतल्या राउटरनं उलट पाठवायचा असतो, आणि मधल्या एखाद्या राउटरवर कोणा अतिदक्ष माणसानं ‘सुरक्षेसाठी’ सगळे निरोपच बंद करून ठेवलेले असतात. मग रोगाची लक्षणं मोठी चमत्कारिक दिसतात. पिंग जातो. व्हॉट्सॲपवर ‘भाव काय’ जातं, उत्तरही येतं. ई-वे बिलाचं पान अर्धं उघडतं आणि तिथेच गोल गोल फिरत राहतं. लहान पॅकेटं जातात, मोठी बुडतात, आणि ती बुडाल्याचं कोणी कोणाला सांगत नाही. यावर इलाज एकच: पीपीपीओईच्या इंटरफेसला १४९२ द्यावेत, गाळ्यातल्या जाळ्याला १५०० च ठेवावेत, आणि राउटरनं जोडणी सुरू होतानाच दोन्ही टोकांना कमी आकडा सांगून टाकावा. सबंध यंत्राला मिळून १४९२ करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वाट निवडण्याचंही तसंच. यंत्राला बाहेर जायच्या दोन वाटा असल्या तर प्रत्येकीला एक आकडा लावलेला असतो. ज्या वाटेचा आकडा लहान तिनं जायचं. लिनक्सवरचं नेटवर्कमॅनेजर केबलला १०० देतं, वायफायला ६०० आणि मोबाइल डोंगलला ७००. हे डीफॉल्ट नीट विचार करून ठरवलेलं आहे: केबल असेल तर डोंगलचा डेटा जाळायचा नाही. आता लाइट जाते. गाळ्यातला संगणक आणि मोडेम इन्व्हर्टरवर, खांबावरचा कंपनीचा डबा मात्र कशावरच नाही. संगणकाच्या दृष्टीनं केबल लागलेली आहे, दिवा हिरवा आहे, वाट शाबूत आहे. तो सगळी पॅकेटं इमानेइतबारे केबलमध्ये ओतत राहतो, आणि शेजारी खोचलेलं, पैसे भरलेलं, चालू असलेलं डोंगल ७०० आकडा कपाळी घेऊन बघत बसतं. शेठ डोंगलवाल्याला शिव्या देतात. यासाठी नेटवर्कमॅनेजर अधूनमधून एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन पलीकडे खरंच जग आहे का ते तपासू शकतं. नसेल तर त्या वाटेच्या आकड्यात सरळ २०,००० मिळवतं. शंभराची केबल वीस हजार शंभरला जाते आणि डोंगलचं नशीब उघडतं. दंड किती असावा याबद्दल नेटवर्कच्या जगात क्वचितच इतकी स्पष्टता आढळते.

पत्ता विचारण्याच्या बाबतीत मात्र डीफॉल्ट जरा जास्तच सहनशील आहे. लिनक्सची जुनी पद्धत नावावरून पत्ता सांगणारे तीनपर्यंत सर्व्हर ठेवते आणि पहिल्यानं उत्तर दिलं नाही तर पाच सेकंद वाट बघून दुसऱ्याकडे जाते. पुढच्या नावाला पुन्हा पहिल्यापासून. पहिला सर्व्हर मेलेला असला तर प्रत्येक नव्या पानाला पाच सेकंद. एका पानात दहा ठिकाणची चित्रं आणि जाहिराती असतील तर तेवढ्या वेळात चहा येतो. ‘नेट स्लो झालं’ असं निदान होतं, पन्नासचा प्लॅन शंभरचा केला जातो, आणि शंभरच्या वेगानं पाच सेकंद थांबण्याची सोय होते. मेलेला पत्ता बहुधा कोणी हातानं सबंध यंत्राला भरून ठेवलेला असतो. पत्ता सांगणारा कोण हे ज्या त्या इंटरफेसनं जोडणीबरोबर सांगावं आणि सबंध यंत्राची यादी केवळ अडीनडीला ठेवावी, हे बरं. व्हीपीएनवरच्या सीएच्या सर्व्हरचं नाव गावच्या नेटवाल्याला विचारून काय उपयोग?

आता विश्वास. लिनक्समध्ये इंटरफेसच्या बऱ्याच सेटिंग तीन ठिकाणी लिहिलेल्या असतात: ‘ऑल’, ‘डीफॉल्ट’ आणि प्रत्येक इंटरफेसच्या नावानिशी. लिनक्स कोणाला परकं वाटत असेल, तर गाळ्यातले बहुतेक राउटर आणि कॅमेऱ्यांचे डबे त्याच्यावरच चालतात, आणि शेठच्या खिशातला अँड्रॉइड फोनही. नावांवरून वाटतं, ‘ऑल’मध्ये लिहिलं की सगळ्यांना लागू. हा समज घेऊन जो कामाला लागतो त्याचा आठवडा वाया जातो.

नामपूर बाजार समितीचं मुख्य आवार नामपुरात, उपबाजार करंजाडला. समजा समितीनं एखादा नियम तीन ठिकाणी लिहिला: आवारातल्या फळ्यावर, नव्या परवान्याच्या छापील अर्जावर आणि प्रत्येक गाळ्याच्या पाटीवर. फळा म्हणजे ‘ऑल’, अर्ज म्हणजे ‘डीफॉल्ट’, पाटी म्हणजे इंटरफेस. अर्जातलं कलम बदललं तर ते उद्यापासून परवाना घेणाऱ्याच्या पाटीवर उतरेल. वीस वर्षं गादीवर बसलेला व्यापारी त्या अर्जाकडे ढुंकूनही बघणार नाही. लिनक्समध्ये हुबेहूब हेच घडतं. ‘डीफॉल्ट’ बदलल्यानं आधीच लागलेल्या केबलला काही होत नाही. लाइट गेल्यावर नव्यानं खोचलेलं डोंगल मात्र नवी पाटी लावूनच येतं. राहिला फळा. फळ्यावर ‘मना’ आणि पाटीवर ‘मुभा’ असेल तर खरं कोणाचं? समितीनं एकदाच बैठक घेऊन उत्तर ठरवलं असतं. लिनक्सनं प्रत्येक नियमाला वेगळं ठरवलं.

पॅकेटानं स्वतःच आपली वाट लिहून आणली तर ती मानायची का, या प्रश्नात फळा आणि पाटी दोघांचाही होकार लागतो. दुसऱ्यांना ‘इकडून नको, तिकडून जा’ असे रीडायरेक्ट निरोप पाठवायचे का, यात कोणा एकाचा होकार पुरतो. असा निरोप स्वतःला आला तर ऐकायचा का, यात यंत्र राउटर असेल तर दोघांचा होकार लागतो आणि साधा संगणक असेल तर एकाचा पुरतो. सुरक्षेच्या याद्या वाचून ‘ऑल’मध्ये शून्य लिहिणारा माणूस इथेच फसतो. साध्या संगणकाच्या पाटीवर कारखान्यातून १ आलेला असतो, एकाचा होकार पुरतो, आणि फळ्यावरचा शून्य निव्वळ शोभेचा ठरतो. मनाई करायची असेल तर तिन्ही ठिकाणी करावी लागते. त्यातही यंत्र चालू होताना सेटिंगची फाइल वाचली जाते तेव्हा डोंगलचा जन्मच झालेला नसतो. त्याच्या नावची ओळ ‘असं कोणी नाही’ म्हणून गाळली जाते. डोंगलसाठी ‘डीफॉल्ट’ हीच एक वेळेवर पोचणारी चिठ्ठी.

सगळ्यात बहारीचा नियम ‘आरपी फिल्टर’चा. पॅकेट आलं की यंत्र स्वतःला विचारतं: ह्याला उत्तर पाठवायचं झालं तर मी कोणत्या इंटरफेसनं पाठवलं असतं? खोटा पत्ता लावून येणाऱ्या पॅकेटांना वेशीवरच अडवावं, असा सल्ला २००० सालच्या मे महिन्यात आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या दस्तऐवजानं दिला. ही त्याचीच घरगुती आवृत्ती. मूल्यं तीन. ० म्हणजे तपासणी नाही. १ म्हणजे कडक: ज्या इंटरफेसनं आलं त्यानंच परत जाता आलं पाहिजे. २ म्हणजे सैल: कुठल्याही इंटरफेसनं जाता आलं तरी चालेल. आणि फळा-पाटीत मतभेद झाला तर? जो आकडा मोठा तो खरा. म्हणजे फळ्यावर कडक आणि पाटीवर सैल असं लिहिलं तर सैल जिंकतं, कारण दोन एकापेक्षा मोठे. हा निकाल अंकगणितानं दिला आहे, अक्कल साक्षीला नव्हती.

यातलं शहाणं डीफॉल्ट कोणतं, याचं उत्तर गाळ्यात किती नेट आहेत यावर आहे. एकच जोडणी असेल तर १ उत्तम. फायबर आणि डोंगल दोन्ही एकदम चालू असतील, तर पॅकेट डोंगलनं येतं, यंत्राच्या मते त्याचं उत्तर फायबरनं जायला हवं, आणि कडक तपासणी ते निमूट टाकून देते. निमूट, कारण टाकलेल्या पॅकेटांची नोंद ठेवायची सेटिंगही डीफॉल्टनं बंद असते. तिच्या नावात या पॅकेटांना ‘मार्शन’, म्हणजे मंगळावरचे, असं अधिकृतपणे म्हटलेलं आहे. वास्तविक ती शेजारच्या टॉवरवरून आलेली असतात. हल्ली एकाच यंत्राला दोन-तीन जोडण्या असणं नित्याचं झालंय, म्हणून सर्वांसाठी छापायचा आकडा २ असावा आणि एकाच तारेच्या जागी हातानं १ करावा. उलट केलं तर बिघाड जाणकाराच्या वाट्याला न जाता शेठच्या वाट्याला जातो.

दोन जोडण्यांमध्ये पॅकेटं पुढे ढकलायची की नाही, हा फॉरवर्डिंगचा खटका मात्र बंदच आलेला बरा. लिनक्स मुळात बंदच देतं, आणि तो नीट हाताळावा लागतो, कारण तो दाबला की रीडायरेक्टसारखी कित्येक उत्तरं साध्या संगणकाची नियमावली सोडून राउटरच्या नियमावलीवर जातात. हातानं केलेले बदल पुसले जाऊ शकतात. क्रम म्हणून असा: आधी हा खटका, मग बाकीचं सगळं. ज्यांनी आधी बाकीचं केलं त्यांनी ते पुन्हा करावं.

पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, आयपीव्ही६ मध्ये, हा घोळ मिटला असेल अशी आशा कोणाला असेल तर ती सोडावी: तिथे ‘ऑल’ काही सेटिंगना लगेच लागू होतं आणि काहींना होत नाही. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात या जागी बरीच वर्षं एक चौकटी कंस आहे. त्यात तीन फुल्या मारून लिहिणाऱ्यानंच विचारलंय की फॉरवर्डिंगखेरीज याचा आणखी काही विशेष आहे का. ज्यानं सांगायचं तोच विचारतोय, तिथे वाचणाऱ्यानं प्रत्येक इंटरफेसवर जाऊन आकडा डोळ्यांनी बघावा.

पत्त्यांचं डीफॉल्ट हा याहून जुना तंटा. खासगी जाळ्यांसाठी फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नं तीन पट्टे राखून ठेवले. त्यांत मिळून पावणेदोन कोटींहून जास्त पत्ते आहेत. एवढा मोकळा माळ असूनही कंपन्यांना मिळून एक जागा आवडली: १९२.१६८.१.१. नेटवाल्याचा मोडेम तिथे बसतो. शेठच्या मेव्हण्यानं नाशिकहून आणलेला ‘जास्त रेंजचा’ राउटरही तिथेच बसतो. एकाला दुसरा जोडला की राउटरच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही इंटरफेसना तोच पट्टा दिसतो आणि कोणतं पॅकेट कुठे हे त्याला उमजेनासं होतं. यावर आता बरेच राउटर स्वतःच ओळखून दुसऱ्या पट्ट्यात सरकतात. हे डीफॉल्ट पहिल्या दिवसापासून हवं होतं. कारखान्यानं प्रत्येक नगावर वेगळा पट्टा छापला असता तरी चाललं असतं, स्टिकर नाहीतरी छापतातच.

पत्ता फुकट आहे म्हणून दुसऱ्याचा वापरू नये, हेही इथेच. १.१.१.१ हा पत्ता कोणाचाच नसावा अशा समजुतीनं किती तरी यंत्रांत आतल्या कामाला भरलेला होता. १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरनं त्याच पत्त्यावर सार्वजनिक सेवा सुरू केली, आणि जगभरात अनेकांना ती पोचेना, कारण त्यांचाच मोडेम ‘१.१.१.१ म्हणजे मी’ म्हणून मध्येच उत्तर देत होता. नमुन्यादाखल लिहायचे पत्ते वेगळे राखलेले आहेत, उदाहरणार्थ १९२.०.२ नं सुरू होणारे. पुस्तकातल्या उदाहरणापुरते तेच वापरावेत.

पासवर्डाचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आटोपून घ्यायला हवं. वापरणारा ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामनं अशा नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या घेऊन कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर एकामागून एक उघडले, आणि २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेनं नावावरून पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर तुटून पडून अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा बंद पाडल्या. त्यात कोणी घुसखोरी केली असं म्हणणं जड जातं. दार उघडंच होतं. पुढे कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच पासवर्ड देण्यावर बंदी घातली. एखाद्या डीफॉल्टविरुद्ध कायदेमंडळाला बसावं लागणं, ही त्या आकड्याची कमाईच म्हणायची. नामपूरच्या गाळ्यातला शेठचा मोबाइल नंबर हा पासवर्ड ‘ॲडमिन’पेक्षा बरा, पण तोच नंबर गाळ्याच्या पाटीवर दीड फुटी अक्षरांत रंगवलेला असतो.

याच्या जोडीला यूपीएनपी. आतल्या यंत्रानं मागितलं की राउटर बाहेरून आत यायची वाट न विचारता उघडतो. खेळ खेळणाऱ्या पोरांची सोय म्हणून हे बऱ्याच राउटरांत चालूच येतं, आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर त्याचा फायदा घेऊन गाळ्याचं थेट प्रक्षेपण जगाला खुलं करतो. भारतातल्या अनेक गावांना यापासून वाचवलं ते पत्त्यांच्या टंचाईनं. एक सार्वजनिक पत्ता शंभरेक ग्राहकांत वाटावा लागतो, म्हणून नेटवाले १००.६४ पासूनच्या पट्ट्यातले पत्ते देतात. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखला गेला. तिथे बाहेरून आत यायची वाटच नसते. आयपीव्ही६ बरोबर ही टंचाई संपते, आणि तिच्याबरोबर हा फुकटचा बंदोबस्तही. म्हणून आयपीव्ही६ च्या बाहेरच्या इंटरफेसवर ‘आतून सुरू झालेलं तेवढंच येऊ द्या’ हा नियम चालू आला पाहिजे, आणि यूपीएनपी बंद. पोरं ते शोधून चालू करतातच. सेटिंगचं पान घरात कोणाला उघडता येत असेल तर त्यांनाच.

वायफायबद्दल फार सांगायला नको. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीन: १, ६ आणि ११. बाजारात गाळे ओळीनं. वेग जास्त दिसावा म्हणून पट्टा दुप्पट रुंद, म्हणजे ४० मेगाहर्ट्झचा, केला की एकच राउटर दोन गाळ्यांची जागा खातो, आणि सगळ्यांनी केला की कोणालाच काही मिळत नाही. डीफॉल्ट २० असावं. ओसाड मळ्यात एकट्या राहणाऱ्यानं हवं तर ४० करावं.

शेवटचं डीफॉल्ट म्हणजे मागच्या बाजूचं बारीक भोक. टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं कंपनीतून आलं तसं होतं: वायफायचं नाव, पट्टा, पासवर्ड, आणि गेल्या दिवाळीत मालेगावच्या जाणकारानं घातलेले सगळे बदलही. फोनवरून दिलेल्या सल्ल्यांत हा सल्ला पहिला असतो. दाबण्याआधी पीपीपीओईचं नाव आणि पासवर्ड कुठे लिहिलेला आहे ते बघून घ्यावं, कारण तो कारखान्यातून येत नाही. बहुधा तो कुठेच लिहिलेला नसतो. तो नेटवाल्या पोराच्या फोनमध्ये असतो, आणि गाळ्यात शेठच्या सिमला रेंज नसल्यामुळे त्याला फोन लागतो तो वायफायवरूनच.